एका सुमो मल्लाची दुसरी चढण

जपान देशांतील सुमो नांवाच्या मल्लविद्येविषयीं आमच्या वाचकांनीं थोडेंबहुत ऐकलेंच असेल. तिची जी छबि आपल्यापुढें येते ती बहुधा दोन प्रचंड देहांची, माथ्यावर बांधलेल्या केसांची आणि कमरेच्या जाड पट्ट्याची असते. ती पाहून मुलें खदखदां हंसतात, आणि वडील मंडळीहि गालांतल्या गालांत हंसून पान उलटतात. आम्ही मात्र या महिन्यांत तें पान न उलटतां थोडा वेळ तेथेंच थांबण्याचें योजिलें आहे. सुमो मल्लाचा धंदा चालतो कसा, मुलगा त्यांत कोणत्या वाटेनें शिरतो, त्याचा मान आणि त्याची मिळकत कशावर ठरते, आणि ज्या देहावर हें सर्व उभें असतें तो देहच दगा देऊं लागला म्हणजे त्याचें काय होतें, हें एका प्रत्यक्ष मल्लाच्या चरित्राच्या आधारें सांगावें असा आमचा हेतु आहे.

हा मल्ल म्हणजे तेरुनोफुजी. २०२१ सालीं तो सुमोंतील सर्वश्रेष्ठ पदास, म्हणजे योकोझुना या पदास पोंचला. गेल्या तीनचार शतकांतील योकोझुनांच्या नामावळींत त्याचा क्रमांक त्र्याहत्तरावा आहे. परंतु केवळ पदाकडे पाहून आम्हीं त्याची निवड केलेली नाहीं. पद मिळविलेले मल्ल पुष्कळ आहेत. पद हातातोंडाशीं आलें असतां तेथून घसरून पार तळाशीं गेलेला, आणि तळापासून एकेक पायरी मोजीत पुन्हा वर चढलेला असा मल्ल मात्र सुमोच्या इतिहासांत दुसरा नाहीं.

प्रथम खेळाचे नियम सांगूं. ते इतके थोडे आहेत कीं, घरांतील सहा वर्षांच्या मुलासहि एकदां ऐकून कळावे. मातीच्या उंच चौथऱ्यावर पेंढ्याच्या गुंडाळ्या पुरून एक वर्तुळ आंखलेलें असतें. त्याचा व्यास ४.५५ मीटर, म्हणजे सुमारें पंधरा फूट. वर्तुळाबाहेर ज्याचें अंग प्रथम टेकलें तो हरला. किंवा वर्तुळाच्या आंत तळपायांखेरीज ज्याच्या अंगाचा कोणताहि भाग जमिनीस लागला तो हरला. चीत करण्याची अट नाहीं. हाताचें बोट टेकलें तरी पुरे. वजनाप्रमाणें गट पाडण्याची चालहि नाहीं. सव्वाशें किलोंचा मल्ल दोनशें किलोंच्या मल्लापुढें उभा राहतो, आणि कित्येकदां त्याला बाहेर घालवितो. जिंकण्याचे ८२ प्रकार शास्त्रशुद्ध मानले आहेत. कुस्तीपूर्वीं वरच्या श्रेणींतील मल्ल मूठभर मीठ उधळून जागेची शुद्धि करतात, पाय उंच उचलून जमिनीवर आपटतात, एकमेकांकडे रोखून पाहतात. आणि एवढ्या मोठ्या तयारीनंतर प्रत्यक्ष झुंज बहुधा कांहीं सेकंदांत आटोपते. मोठ्या स्पर्धा वर्षांत सहा होतात. जानेवारी, मे व सप्टेंबर या महिन्यांत टोकियो येथें, मार्चमध्यें ओसाका, जुलैमध्यें नागोया आणि नोव्हेंबरमध्यें फुकुओका येथें. प्रत्येक स्पर्धा पंधरा दिवस चालते.

आतां तालमीकडे वळूं. सुमोंत मल्ल एकटा नसतोच. त्याला कोणत्या तरी तालमीचें होऊन राहावें लागतें, आणि तालीम म्हणजे केवळ व्यायामाची जागा नव्हे. ती एक वास्तु असते. खालीं मातीचा आखाडा, वर मल्लांची राहण्याची खोली, आणि त्याच छपराखालीं किंवा लगतच वस्ताद व त्यांचें कुटुंब. वस्ताद हे स्वतः नांवाजलेले मल्ल असावे लागतात. शिष्यांच्या आजारपणाची, पैशाची, त्यांच्या आईबापांशीं बोलण्याचालण्याची सारी व्यवस्था वस्तादांची पत्नी पाहते, आणि तिच्या शब्दाला तालमींत मोठें वजन असतें. आधीं आलेला तो थोरला गुरुबंधु, मागून आलेला तो धाकटा. पंधरा वर्षांचा पोरगा घर सोडून येथें येतो तेव्हां त्याला झाडलोट, स्वयंपाक, थोरल्यांची धुणीं, त्यांची पाठ चोळणें, निरोप पोंचविणें हें सर्व करावें लागतें. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आमच्या वाचकांना या व्यवस्थेंतील ऊब आणि काच हीं दोन्ही वेगळीं समजावून सांगावयास नकोत.

दिवस पहांटे सुरू होतो. मेहनत अनशापोटीं करावयाची असते, आणि धाकट्यांनीं आखाड्यांत आधीं उतरावयाचें असतें. दुपारीं पहिलें जेवण. मोठ्या पातेल्यांत मासे, कोंबडी, भाज्या, सोयाबीनचा तोफू असें सर्व एकत्र शिजवितात व त्याच्याबरोबर भात खातात. या कालवणास चान्को म्हणतात. त्यांत कोंबडीस विशेष मान आहे, आणि त्याचें कारण मोठें गमतीचें आहे. कोंबडी दोन पायांवर उभी असते, तर गाय-डुकरादि जनावरें चार पायांवर. आणि मल्लाचे हात जमिनीला लागले म्हणजे तो हरलाच! जेवणाची पंगत वयाप्रमाणें बसत नाहीं, दर्जाप्रमाणें बसते. वरिष्ठ आधीं जेवतात, कनिष्ठ वाढतात आणि उरलेलें मागून खातात. जेवण झालें कीं झोंप. देह वाढतो तो या क्रमानें. केवळ अघोरी खाण्यानें वाढतो ही समजूत खरी नव्हे.

दर्जा ठरतो कसा, हें नीट समजून घेतल्यावांचून पुढील हकीगत कळणार नाहीं. व्यवसायी मल्लांची संख्या सुमारें सहाशें असते. त्यांच्या सहा श्रेणी केलेल्या आहेत. सर्वांत खालीं जोनोकुची, तिच्यावर जोनिदान, मग सांदान्मे, माकुशिता, जूर्यो, आणि सर्वांत वर माकुउची. वरच्या दोन श्रेणींत मिळून जागा फक्त ७०. दर स्पर्धेनंतर प्रत्येक मल्लाच्या जयापजयांचा हिशेब होतो. जय अधिक तर वर, पराजय अधिक तर खालीं. जुन्या वळणाच्या हस्ताक्षरांत नवी नामावळी छापली जाते. वरच्या मल्लांचीं नांवें ठळक असतात, आणि खालीं जातां जातां अक्षरें इतकीं बारीक होतात कीं, तळच्या मुलाचें नांव वाचावयास भिंग हातीं घ्यावें लागावें.

या सत्तर जागांच्या आंत आणि बाहेर असा जो भेद आहे तो जमीन-अस्मानाचा आहे. २०१९ सालीं ठरलेल्या दराप्रमाणें जूर्योंतील मल्लास दरमहा ११ लक्ष येन वेतन मिळतें, योकोझुनास ३० लक्ष. जूर्योच्या एकच पायरी खालीं असलेल्या माकुशितांतील मल्लास वेतन असें मुळींच नसतें. दर स्पर्धेस अल्पसा भत्ता, तालमींतलें अन्न आणि डोक्यावर छप्पर. वरच्यास रेशमी पट्टा, सेवेस धाकटे मल्ल, स्वतःची खोली. खालच्यास सुती काळा पट्टा आणि सर्वांची मिळून एक खोली. वरचे १५ दिवसांत १५ कुस्त्या लढतात, खालचे ७. अनेक मुलें दहादहा वर्षें राबूनहि या सत्तरांच्या उंबरठ्याच्या आंत पाऊल टाकीत नाहींत, आणि तिशीच्या सुमारास केस कापून दुसरा उद्योग शोधूं लागतात. ज्यांना आपला मुलगा अशा धंद्यांत घालावासा वाटतो त्या आईबापांनीं हा आंकडा आधीं पाहावा.

तेरुनोफुजीचा जन्म मंगोलियाची राजधानी उलानबातर येथें २९ नोव्हेंबर १९९१ रोजीं झाला. त्याचें मूळ नांव गान-एर्देने. कुस्तीचा नाद मंगोल लोकांच्या रक्तांतच आहे, आणि त्याच्या आधींच्या पिढींतील मंगोल मल्लांनीं जपानांत जाऊन कीर्ति मिळविली होती. २०१० सालीं, वयाच्या अठराव्या वर्षीं, तो तोत्तोरी येथील एका विद्यालयांत विद्यार्थी म्हणून आला. पुढें २०११ सालीं टोकियोंतील मागाकी तालमींत तो दाखल झाला. ही तालीम २०१३ सालीं बंद पडली आणि तिच्यांतील मल्ल इसेगाहामा तालमींत आले. तेथील वस्ताद म्हणजे पूर्वींचे योकोझुना आसाहिफुजी. शिस्तीचे मोठे कडक म्हणून त्यांची ख्याति. शिष्याचें जुनें नांव बदलून त्यांनीं त्याला तेरुनोफुजी हें नांव दिलें. त्यांतील पूर्वार्ध परंपरेंतील तेरुकुनी नांवाच्या जुन्या योकोझुनाचा, उत्तरार्ध त्यांचा स्वतःचा. गुरूनें शिष्याला आपलें नांव देणें ही केवळ शोभेची गोष्ट नसते. शिष्य चमकला तर तें नांव उजळतें, आणि शिष्य बुडाला तर त्याच्याबरोबर गुरूचें नांवहि बुडतें.

यानंतरची चढती कमान मोठी वेगाची. ६ फूट ४ इंचांच्या जवळपास उंची, अफाट बळ, आणि भीति कशी ती ठाऊक नाहीं. मार्च २०१४ मध्यें तो सर्वोच्च श्रेणींत आला आणि मे २०१५ मध्यें १२ जय मिळवून त्यानें ती स्पर्धा जिंकली. वय तेवीस. लगेच त्याला ओझेकी हें पद मिळालें. योकोझुनाच्या खालचें हेंच पद. पुढची पायरी शेवटची. सर्व जपान त्याच्याकडे उद्यांचा योकोझुना म्हणून पाहूं लागला.

परंतु त्याच्या यशांतच त्याच्या नाशाचें बीज होतें असें म्हणावें लागतें. त्याचे डाव बळाचे होते. प्रतिस्पर्ध्याला अंगाशीं खोल येऊं द्यावयाचें, मग त्याचे दोन्ही हात बाहेरून आवळून त्याला उचलून फेंकावयाचें. पाहणारे टाळ्या पिटीत. पण दोन देहांचा सारा भार गुडघ्यांवर पडे. सप्टेंबर २०१५ मध्यें, ओझेकी झाल्यावरच्या दुसऱ्याच स्पर्धेंत, पहिल्या अकरा कुस्त्या सलग जिंकल्यावर त्याचा उजवा गुडघा दुखावला. त्यानें माघार घेतली नाहीं. शेवटच्या दिवशीं योकोझुना काकुर्यूला हरवून त्यानें बरोबरी साधली आणि निर्णायक कुस्तींत तो हरला. त्या दिवशींच्या त्याच्या धैर्याची स्तुति झाली. आम्हांस मात्र वाटतें कीं, त्या स्तुतीनेंच पुढचें नुकसान केलें. तरुण माणसाच्या दुखण्याला आपण टाळ्या दिल्या म्हणजे तो तें दुखणें लपवावयास शिकतो.

मार्च २०१७ मधील ओसाकाची स्पर्धा याच दृष्टीनें ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. चौदाव्या दिवशीं त्याची गांठ कोतोशोगिकु या मल्लाशीं पडली. कोतोशोगिकु हा नुकताच ओझेकीपदावरून उतरलेला. दहा जय मिळाले तर पद परत मिळणार होतें. तेरुनोफुजीनें समोरून टक्कर न घेतां बाजूस होऊन त्याला पाडलें. नियमांत हें बसतें, पण वरच्या पदाच्या मल्लाला तें शोभत नाहीं असा संकेत आहे. कोतोशोगिकुची आशा संपली, प्रेक्षक खवळले, आणि गर्दींतून कोणी कोणी ओरडले कीं, मंगोलियाला परत जा. संकेत मोडल्याबद्दल टीका करणें निराळें आणि सात वर्षें ज्या भूमींत घाम गाळला तेथें त्याला परका म्हणून हिणविणें निराळें. पहिलें रसिकांचें काम झालें. दुसऱ्याला जपानांतहि अनेकांनीं दोष दिला, आणि तो योग्यच होता.

दुसऱ्याच दिवशीं, म्हणजे अखेरच्या दिवशीं, त्याची कुस्ती किसेनोसातो या नव्या योकोझुनाशीं झाली. जपानांत जन्मलेला मल्ल या पदास पोंचला तो एकोणीस वर्षांनंतर. त्यामुळें सारा देश त्याच्या बाजूस. त्याचा डावा खांदा दुखावलेला होता, तरीहि त्यानें तेरुनोफुजीला लागोपाठ दोनदां हरवून स्पर्धा जिंकली. सभागृह आनंदानें वेडें झालें. परंतु त्या आनंदाची किंमत पुढें कळली. किसेनोसातोचा खांदा पुन्हा कधीं पुरता बरा झाला नाहीं. पुढील सलग आठ स्पर्धा त्याला सबंध किंवा अर्धवट सोडाव्या लागल्या, आणि जानेवारी २०१९ मध्यें तो निवृत्त झाला. त्या दिवशीं हरलेल्याचे गुडघेहि त्याच वाटेला लागले होते. दोन जायबंदी माणसें आमच्या करमणुकीसाठीं झुंजत होतीं, असा विचार त्या दिवशीं किती प्रेक्षकांच्या मनांत आला असेल?

सुमोंत पूर्वीं एक दयेचा नियम होता. १९७२ सालापासून, स्पर्धेंत प्रत्यक्ष जखमी झालेल्या मल्लास पुढची स्पर्धा विश्रांतीसाठीं सोडतां येई आणि त्याचा दर्जा कायम राही. या सवलतीचा गैरफायदा घेतला जातो अशी तक्रार झाली आणि २००४ सालापासून ती काढून टाकण्यांत आली. आतां गैरहजेरी म्हणजे पराभवच. त्यामुळें मल्लापुढें दोनच मार्ग उरतात. दुखऱ्या अंगानें लढावें, किंवा घरीं बसून आपलें नांव नामावळींत खालीं खालीं जातांना पाहावें. लबाडांना आळा घालण्यासाठीं केलेल्या नियमाचा मार प्रामाणिकांवर बसतो याचें हें एक ठळक उदाहरण होय.

तेरुनोफुजीला दोन्ही मार्गांनीं जावें लागलें. गुडघ्यांच्या जोडीला मधुमेह आला, यकृताचा विकार आला. सप्टेंबर २०१७ च्या स्पर्धेनंतर ओझेकीपद गेलें. मार्च २०१८ मध्यें तो दुसऱ्या श्रेणींत उतरला. तेथेंहि टिकला नाहीं. जून २०१८ मध्यें दोन्ही गुडघ्यांवर शस्त्रक्रिया झाली. त्यानंतरच्या सलग चार स्पर्धा तो आखाड्यांत उतरलाच नाहीं. वेतन बंद झालें, रेशमी पट्टा गेला, सेवेस असलेले धाकटे मल्ल गेले. नामावळींतील त्याचें नांव बारीक होत होत खालून दुसऱ्या श्रेणींत, जोनिदानमध्यें, अठ्ठेचाळीसाव्या क्रमांकावर जाऊन पडलें. ओझेकीपद भोगलेला मल्ल इतका खालीं उतरून लढल्याचें पूर्वीं कधीं घडलें नव्हतें. तशी वेळ येण्यापूर्वींच मल्ल निवृत्त होतो. अब्रूदार माणसानें तेंच करावें अशी रीत आहे.

त्यालाहि तेंच करावयाचें होतें. निवृत्त होऊं द्या असें त्यानें वस्तादांना एकदां नव्हे, अनेकदां विनविलें. वस्तादांनीं दरवेळीं उत्तर दिलें त्याचा आशय असा होता कीं, आधीं शरीर बरें कर. निवृत्तीचें मग पाहूं. या उत्तरावर आम्हीं बराच विचार केला आहे. तूं पुन्हा मोठा होशील असें आश्वासन त्यांनीं दिलें नाहीं. तुझ्यामुळें तालमीचें नांव गेलें असा ठपकाहि ठेवला नाहीं. लोक काय म्हणतील हा विषय काढला नाहीं. आजाऱ्यानें आजारपणांत जन्माचा निर्णय घेऊं नये, एवढेंच त्यांनीं धरून ठेविलें. कडक म्हणून प्रसिद्ध असलेल्या माणसानें ज्या वेळीं कडक व्हावयाचें नसतें ती वेळ ओळखली, यांतच त्यांचें वस्तादपण आहे असें आम्हांस वाटतें.

मार्च २०१९. ओसाका येथेंच, जेथें दोन वर्षांपूर्वीं अखेरच्या कुस्तीला सभागृह दुमदुमलें होतें, तेथें हा माजी ओझेकी पुन्हा चौथऱ्यावर चढला. खालच्या श्रेणींच्या कुस्त्या सकाळींच उरकून घेतात. त्या वेळीं बहुतेक आसनें रिकामीं असतात. एखाद्या मल्लाचे आईबाप, चारदोन हौशी म्हातारे, एवढाच प्रेक्षकवर्ग. समोर प्रतिस्पर्धी म्हणून मिसरूड फुटलेलीं पोरें. मीठ उधळण्याचा मान या श्रेणीला नाहीं, पंचहि अनवाणी पायांचा, शिकाऊ. अशा ठिकाणीं जिंकल्यानें कोणी वाहवा करीत नाहीं, आणि हरल्यास मात्र सारें जग हंसतें. त्यानें सातहि कुस्त्या जिंकल्या, आणि बरोबरी सोडविण्याच्या जादा कुस्तींत तो हरला. म्हणजे या पायरीवरचें प्रथम स्थानसुद्धां त्याला मिळालें नाहीं! तरीहि मे महिन्यांत तो सांदान्मेंत दिसला, जुलैमध्यें माकुशितांत; नोव्हेंबरांत माकुशितांतील सातहि कुस्त्या जिंकून तो सत्तरांच्या उंबरठ्याशीं आला, आणि जानेवारी २०२० मध्यें जूर्योंत परत येऊन तेथील स्पर्धा त्यानें १३ जयांनीं जिंकली.

ही चढण जुन्या बळाच्या जोरावर झाली असती तर आम्ही तिला चमत्कार म्हणून सोडून दिलें असतें. त्यानें आपली कुस्तीच बदलली होती. प्रतिस्पर्ध्याला अंगाशीं येऊं देऊन उचलण्याची जुनी खोड त्यानें टाकली. कंबर खालीं ठेवावी, पुढें सरकत राहावें, घाई करूं नये, गुडघ्यांना वळण पडेल असा डाव शक्य तोंवर टाळावा असा नवा क्रम धरला. गुडघे बरे झाले नव्हतेच. ते पुढेंहि कधीं बरे झाले नाहींत. दोन्ही पायांना जाड पट्ट्या बांधूनच तो लढे. अधू अंगाला काय झेपेल याचा हिशेब त्यानें केला, आणि त्या हिशेबांत बसेल अशी विद्या नव्यानें शिकला.

जुलै २०२० ची स्पर्धा त्या वर्षींच्या साथीमुळें नागोयाऐवजीं टोकियोंत, मोजक्या प्रेक्षकांपुढें झाली. मे महिन्याची तर रद्दच झाली होती. सर्वोच्च श्रेणीच्या शेवटच्या पायरीवर तेरुनोफुजी परत आला होता, आणि टिकला तरी पुष्कळ, असें लोक म्हणत होते. त्यानें १३ जय मिळविले आणि शेवटच्या दिवशीं मिताकेउमीला हरवून स्पर्धाच जिंकली. पहिल्या विजयाला पांच वर्षें आणि दोन महिने लोटले होते. मार्च २०२१ मध्यें आणखी एक स्पर्धा जिंकून त्यानें ओझेकीपद परत मिळविलें, मे महिन्यांत तें पद राखून पुन्हा जिंकला, आणि जुलैमध्यें १४ जय मिळविल्यावर २१ जुलै २०२१ रोजीं त्याच्या योकोझुनापदाची घोषणा झाली. पदाचा निरोप घेऊन आलेल्या दूतांपुढें लवून मल्लानें आपला संकल्प सांगावा अशी रीत आहे. त्यानें जो संकल्प सांगितला त्यांत मन अचल ठेवण्याचा प्रयत्न करीन, असा शब्द होता. हा शब्द पुष्कळ जण वापरीत असतील. याला मात्र तो पूर्ण मोल देऊन मिळाला होता.

योकोझुनापदाची एक गोष्ट येथें सांगितली पाहिजे. या पदावरून कोणालाहि खालीं उतरवीत नाहींत. जिंकणें थांबलें म्हणजे निवृत्ति, एवढाच मार्ग. म्हणजे जो मल्ल एकदां तळाशीं जाऊन परत आला त्याला आतां पुन्हा उतरण्याची सोय उरली नव्हती. त्याच्या योकोझुनापदाच्या काळांत २१ स्पर्धा झाल्या. त्यांपैकीं शेवटपर्यंत तो लढूं शकला अशा फक्त ८. बाकीच्या १३ दुखण्यानें सबंध किंवा अर्धवट सोडाव्या लागल्या. ऑक्टोबर २०२२ मध्यें गुडघ्यांवर पुन्हा शस्त्रक्रिया झाली. परंतु त्या आठांपैकीं सहा त्यानें जिंकल्या. सप्टेंबर २०२१ मध्यें हाकुहो निवृत्त झाल्यापासून तीन वर्षांहून अधिक काळ तो एकटाच योकोझुना होता, आणि त्याच्या गैरहजेरीबद्दल कुरकुर करणारेहि होते. आपल्या हातून दहा स्पर्धा जिंकल्या जाव्यात अशी त्याची इच्छा होती. जुलै २०२४ मध्यें नागोया येथें निर्णायक कुस्ती जिंकून त्यानें दहावी पुरी केली. १७ जानेवारी २०२५ रोजीं, तेहेतीस वर्षांचा असतां, स्पर्धा चालू असतांनाच त्यानें निवृत्ति जाहीर केली.

सुमोच्या संघांत वस्ताद म्हणून राहावयाचें तर जपानचें नागरिकत्व घ्यावें लागतें. तेरुनोफुजीनें तें ऑगस्ट २०२१ मध्येंच घेतलें होतें, आणि नवें कुलनाम घेतलें तें आपल्या वस्तादांचें. मंगोलियाला परत जा असें ज्याला म्हटलें गेलें त्यानें दिलेलें हें उत्तर आम्हांस फार मोलाचें वाटतें. मात्र त्यासाठीं आपल्या जन्मभूमीचें नागरिकत्व त्याला सोडावें लागलें, हेंहि विसरूं नये. जून २०२५ पासून इसेगाहामा तालमीचा कारभार त्याच्याकडे आला आहे. ज्या घरांत त्यानें निवृत्तीची भीक मागितली त्याच घराचा तो आतां कर्ता पुरुष आहे, आणि दुखऱ्या गुडघ्यांचीं मुलें आतां त्याच्यापुढें येऊन उभीं राहतात.

पडलेला माणूस प्रयत्न केल्यास पुन्हा शिखरावर जातोच, असा बोध काढून आम्ही वाचकांची फसवणूक करणार नाहीं. बहुतेक जण जात नाहींत. किसेनोसातो गेला नाहीं, आणि त्याच्या अंगीं धैर्य कमी होतें असें कोण म्हणेल? तेरुनोफुजीचे गुडघे त्या अठरा महिन्यांत आणखी बिघडले असते तर जोनिदानमधील त्याच्या सात विजयांची नोंद आज कोणी काढलीहि नसती. परंतु ते विजय तेवढेच खरे राहिले असते.

आमच्या घरांतूनहि अशी माणसें असतात. परीक्षेंत आपटलेला हुशार मुलगा, मोठी नोकरी सुटून घरीं परतलेला भाऊ, दीर्घ आजारानें मागें पडलेली सून. घरांत दहा माणसें असलीं म्हणजे त्यांच्याविषयीं बोलणारीं तोंडेंहि दहा असतात. कोणी सांत्वन करतो, कोणी उपदेश करतो, कोणी पूर्वींच्या वैभवाची आठवण देतो, आणि कोणी मुद्दाम त्याच्यापुढें काढलेला विषय बदलतो. यांतलें कांहींच न करतां, पदाचा आणि अब्रूचा विचार तूर्त बाजूला ठेवून, त्याचें दुखणें बरें होईपर्यंत त्याला घरांत त्याची जागा द्यावी, आणि बरें वाटूं लागल्यावर अगदीं लहान कामापासून आरंभ करण्याची त्याला लाज वाटणार नाहीं असें घरांतलें वागणें ठेवावें, हें वडील मंडळींच्या हातचें आहे. पुढें तो किती चढेल हें त्याच्या गुडघ्यांवर अवलंबून. तें कोणाच्याच हातीं नसतें.